‘मसुदा’ परत येतोय म्हणे!

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून (पत्र आणि उत्तर, दोन्ही 2024 च्या अमेरिकी निवडणुकीआधीची):

‘आम्ही 2009 साली यांच्या नोकरीमुळे पुण्याहून न्यू जर्सीला आलो. फेब्रुवारी 2022 मध्ये आम्हा चौघांना ग्रीन कार्ड मिळालं. धाकटा 12 सप्टेंबरला अठरा वर्षांचा झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या तीन-तीन ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: “अमेरिकेत मसुदा पुन्हा लागू! बिल पास झाले. 18 ते 26 वयाच्या मुलांची नावे आपोआप जाणार, मुलींचीही. निवडणुकीनंतर पहिली तुकडी. विचार करून मत द्या!” दोन दिवसांनी तोच मजकूर दुसऱ्या पक्षाच्या नावानं आला. मुलांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीत, नाव नोंदवायचं असतं हे माहीत होतं, पण आता मुलगा म्हणतो, नाव दिलं की गेलोच. हे म्हणतात, 5 नोव्हेंबर होऊन जाऊ दे, कोण निवडून येतंय बघू, मग ठरवू. मुलगी एकवीस वर्षांची आहे, तिचं काय? भाचा टेक्सासमध्ये एफ-1 व्हिसावर शिकतोय. नणंदेचा मुलगा अमेरिकेत जन्मला पण लहानपणापासून पुण्यातच आहे, पुढच्या वर्षी अठराचा होईल. साताऱ्याहून सासूबाई रोज फोन करतात. नक्की काय करायचं?’

ताई, आधी तारीख सांगतो. तुमच्या मुलाची नोंदणीची मुदत 12 ऑक्टोबरला संपते. अठराव्या वाढदिवसाच्या आधीचे तीस दिवस आणि नंतरचे तीस दिवस, असा हा हिशेब असतो. यंदा त्याच दिवशी दसरा आहे, तेव्हा लक्षात ठेवायला सोपं. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा थोडेच दिवस उरले असतील, पण काम पाच मिनिटांचं आहे. निवडणुकीचा आणि या मुदतीचा काडीचा संबंध नाही. कोणीही निवडून आलं तरी मुदत तीच राहते, म्हणून तुमच्या यजमानांचं ‘थांबून बघू’ इथे चालणार नाही.

आता त्या ‘मसुद्या’बद्दल. ड्राफ्टचा एक अर्थ मसुदा असतो. यंत्रानं इंग्रजी मजकुराचं मराठी करताना तोच उचलला आणि कोणी न वाचता पुढे ढकलला. इथे ड्राफ्ट म्हणजे सक्तीची सैन्यभरती. सासूबाईंना फोनवर समजावणं अवघड जात असेल तर त्यातही नवल नाही. साताऱ्याकडे ‘भरती’ म्हणजे पोरं पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळायचा सराव करतात ती, स्वतःहून जायची. आपल्याकडे सैन्यात सक्ती हा प्रकारच नाही. अमेरिकेत तो होता आणि 1973 साली संपला. उरली आहे ती फक्त यादी. सिलेक्टिव्ह सर्व्हिस नावाचं एक छोटं सरकारी खातं ही यादी ठेवतं. यादीत नाव असणं आणि बोलावणं येणं यांच्यामध्ये एक अख्खा कायदा आहे, आणि तो आज अस्तित्वात नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण फॉरवर्ड लिहिणारे नेमके यातलेच तुकडे उचलतात. व्हिएतनामच्या काळात 1 डिसेंबर 1969 रोजी वॉशिंग्टनमध्ये काचेच्या एका मोठ्या बरणीत 366 निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या टाकून सोडत काढली गेली. प्रत्येक कुपीत वर्षातली एक तारीख होती. पहिली चिठ्ठी निघाली 14 सप्टेंबरची, म्हणजे त्या दिवशी जन्मलेले तरुण सगळ्यात आधी. 1973 च्या जूनअखेर सैन्यात सक्तीनं घेण्याचा अध्यक्षांचा अधिकार संपला. 1975 मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी नोंदणीही थांबवली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली, पण भरती नाही. तेव्हापासून आजपर्यंत या यादीतून एकालाही बोलावणं गेलेलं नाही.

मग दर निवडणुकीला ही आवई उठते कशी? 2004 चं प्रकरण बघा, त्यात सगळी कृती उघडी पडते.

अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट केरी यांची लढत होती, इराकचं युद्ध चालू होतं. त्या वर्षी एक ईमेल देशभर फिरला: हाऊस आणि सिनेट या संसदेच्या दोन सभागृहांत दोन बिलं आहेत, क्रमांक एचआर 163 आणि एस 89, सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या बजेटमध्ये 2 कोटी 80 लाख डॉलर वाढवले आहेत, ड्राफ्ट बोर्डांच्या (सूट कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या स्थानिक मंडळांच्या) जागा भरायला सरकारनं गुपचूप जाहिरात दिली आहे, 15 जून 2005 पासून भरती सुरू होऊ शकते, कॅनडाशी करार झालाय, त्यामुळे तिकडे पळूनही जाता येणार नाही.

आता एकेक धागा ओढून बघू. बिलांचे क्रमांक खरे होते. एचआर 163 हे न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट चार्ल्स रँगल यांनी जानेवारी 2003 मध्ये मांडलं होतं. ते स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेले. श्रीमंतांच्या आणि खासदारांच्या पोरांनाही जावं लागलं तर युद्धाला हात वर करताना माणसं दहादा विचार करतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे बिल मांडलं ते युद्धाला विरोध म्हणून. मांडल्यावर ते पावणेदोन वर्षं समितीत पडून होतं. 2 कोटी 80 लाखांचा आकडा ‘वाढवलेला’ नव्हताच, त्या खात्याचा वर्षाचा एकूण खर्चच तेव्हा साधारण तेवढा होता. बोर्डांची जाहिरात खरी होती, पण कारण निराळं होतं. स्थानिक बोर्डांवरचे स्वयंसेवक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वीस वर्षांच्या मुदतीवर नेमले गेले होते आणि ती मुदत भरत आली होती, म्हणून नवे लोक हवे होते. कॅनडाशी 2001 अखेर करार झाला होता तो सीमेवरच्या सुरक्षेचा आणि वाहतुकीचा. राहिली 15 जून 2005 ही तारीख. तिला कुठलाच आधार नव्हता, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तीच.

केरी प्रचारात म्हणू लागले की बुश पुन्हा आले तर ड्राफ्टची शक्यता आहे. तरुणांना मतदानाला उतरवणाऱ्या एका मोहिमेनं तर बोलावण्याच्या चिठ्ठीसारखी दिसणारी खोटी पत्रं ईमेलवर पाठवली. अखेर रिपब्लिकन नेतृत्वानं ती आवई मारण्यासाठीच रँगल यांचं बिल 5 ऑक्टोबर 2004 रोजी मतदानाला आणलं. बाजूनं 2, विरोधात 402. विरोधात मत देणाऱ्यांत खुद्द रँगल होते. तीन दिवसांनी सेंट लुईसच्या चर्चेत बुश यांनी ड्राफ्ट येणार नाही असं ठणकावून सांगितलं. तो ईमेल त्यानंतरही फिरतच राहिला.

तुमच्या फॉरवर्डची घडण हुबेहूब हीच आहे: तीन खऱ्या गोष्टी आणि त्यांना जोडणारा एक खोटा धागा.

पहिली गोष्ट, ‘बिल पास झाले’. 14 जून 2024 रोजी हाऊसनं संरक्षण खर्चाचं वार्षिक बिल 217 विरुद्ध 199 मतांनी मंजूर केलं. त्यात एक तरतूद अशी आहे की 18 ते 26 वयाच्या मुलांना स्वतः नाव नोंदवावं लागू नये, सरकारी नोंदींवरून ते आपोआप नोंदवलं जावं. आज जे नाव मुलगा स्वतः टाइप करतो ते संगणक टाकेल, एवढाच फरक. भरतीचा त्यात शब्द नाही. शिवाय हाऊसनं मंजूर केलं म्हणजे कायदा झाला असं नाही. (इथली ‘काँग्रेस’ म्हणजे संसद. हाऊस हे तिचं एक सभागृह, सिनेट हे दुसरं.) दोन्हीकडे एकच मजकूर मंजूर व्हावा लागतो, मग अध्यक्षांची सही. हे लिहीत असताना, ऑक्टोबर 2024 मध्ये, ते झालेलं नाही.

दुसरी गोष्ट, ‘मुलींचीही’. सिनेटच्या संरक्षण समितीच्या बिलात मुलींनाही नोंदणी लागू करण्याचा प्रस्ताव आहे. असा प्रस्ताव काही पहिल्यांदा आलेला नाही. 2016 मध्ये हाऊसच्या समितीत तो 32 विरुद्ध 30 असा निसटता मंजूरही झाला होता. तो आणला होता डंकन हंटर या रिपब्लिकन सदस्यानं, जो स्वतः त्याच्या विरोधात होता. चर्चा घडवायची होती म्हणे. पुढे तो गळाला. 2021 मध्येही तेच झालं. आजच्या कायद्यात नोंदणी फक्त पुरुषांना लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये ते वैध ठरवलेलं आहे. तुमच्या मुलीनं आज काहीही करायचं नाही. यंदा प्रचारात एक बाजू ‘आमच्या पोरींना युद्धावर धाडणार’ म्हणून ओरडते आहे, ती याच प्रस्तावाच्या जोरावर.

तिसरी गोष्ट दुसऱ्या बाजूची. ट्रम्प यांच्या काळातल्या एका माजी प्रभारी संरक्षणमंत्र्यांनी यंदा सक्तीच्या राष्ट्रसेवेबद्दल अनुकूल बोलून दाखवलं. त्याची जूनमध्ये बातमी झाली, आणि ट्रम्प यांनी ती लगेच फेटाळली. तुमच्या ग्रुपवर दोन दिवसांनी आलेला मजकूर हिच्यावर पोसलेला असणार. दोन्ही पक्षांची नावं घालून तोच मजकूर फिरतो याचा अर्थ तो मजकूर भरतीबद्दल नाही, मतांबद्दल आहे. तुमचं मत कुणाला जावं हे आम्ही सांगणार नाही. आणि तसंही ग्रीन कार्डवर तुम्हाला ते नाहीच. त्या मुद्द्याकडे पुढे येतो, तो तुमच्या मुलासाठी ड्राफ्टपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

फॉरवर्ड तपासायचा असेल तर संसदेची ‘काँग्रेस डॉट जीओव्ही’ ही साइट उघडा आणि बिलाचा क्रमांक टाका. वरती पायऱ्या दिसतात: मांडलं, हाऊसनं मंजूर केलं, सिनेटनं मंजूर केलं, अध्यक्षांकडे, कायदा झाला. शेवटची पायरी रंगलेली नसेल तर ‘पास झाले’ हा शब्द फॉरवर्डनं उसना आणलेला आहे. मजकुरात बिलाचा क्रमांकच नसेल तर तपासण्याचे कष्टही घेऊ नका.

समजा, उद्या खरोखरच ड्राफ्ट आणायचा झाला, तर काय काय घडावं लागेल? संसदेला कायदा दुरुस्त करून अध्यक्षांना तो अधिकार पुन्हा द्यावा लागेल. ते गुपचूप होऊ शकत नाही, दोन्ही सभागृहांत नावानिशी मतं नोंदली जातात. मग सोडत. आता बरणी नाही, दोन ड्रम असतात, एकात जन्मतारखा आणि दुसऱ्यात क्रमांक. पहिला नंबर लागतो त्या वर्षात वीस पूर्ण करणाऱ्यांचा. मग एकवीस, बावीस असं करत पंचवीसपर्यंत. त्यानंतरच एकोणीस आणि अगदी शेवटी साडेअठराच्या पुढचे. म्हणजे आज अठराचा असलेला मुलगा रांगेच्या शेवटी आहे. बोलावणं आल्यावर शारीरिक तपासणी, मग सूट किंवा मुदतवाढ मागण्याची आणि नाकारली तर अपिलाची सोय. पहिली तुकडी सैन्याच्या हवाली करायला खात्याच्या स्वतःच्या आराखड्यात 193 दिवस धरलेले आहेत.

इथे आपल्या मंडळींत दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. एक, ‘कॉलेजात असला की घेत नाहीत.’ ते व्हिएतनामच्या काळात होतं, 1971 च्या दुरुस्तीनं गेलं. आता विद्यार्थ्याला चालू सत्र संपेपर्यंतच थांबता येतं, शेवटच्या वर्षाला असेल तर ते वर्ष संपेपर्यंत. दुसरा, ‘एकुलता एक मुलगा सुटतो.’ नाही सुटत. सवलत आहे ती ज्याच्या घरातलं कोणी सैन्यसेवेत दगावलं आहे त्याला, नुसत्या एकुलत्या एकाला नाही. मुलाला तत्त्वानं शस्त्र हाती धरायचं नसेल तर तो दावाही बोलावणं आल्यावरच करायचा असतो, नोंदणीच्या अर्जावर त्यासाठी रकाना नाही. काही मुलं तसं लिहिलेलं सही-तारखेसकट घरी जपून ठेवतात, त्यात गैर काही नाही.

आता प्रत्यक्ष नोंदणी. अर्ज ‘एसएसएस डॉट जीओव्ही’ या सरकारी साइटवर भरायचा, एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. अर्जात नाव, लिंग, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारनं दिलेला ओळख क्रमांक), पत्ता, ईमेल आणि फोन एवढंच विचारतात. शाळा, धर्म, तब्येत, काही नाही.

पण अर्जाच्या आधी त्याच साइटवर नाव आधीच आहे का ते तपासा. आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाकली की कळतं. ग्रीन कार्डच्या अर्जाच्या वेळी मुलगा अठराच्या पुढे असेल तर इमिग्रेशन खात्याकडून माहिती परस्पर जाते. तुमचा तेव्हा पंधरा वर्षांचा होता, त्यामुळे त्याचं नाव गेलेलं नसणार. तरी बघून घ्या.

आपल्या लोकांचा अर्ज चुकतो तो दोन ठिकाणी. पहिली जागा तारीख. तुमच्या मुलाचा जन्म 12 सप्टेंबर 2006 चा. आपल्या सवयीनं कोणी 12/09/2006 टाइप केलं तर तिथे ते 9 डिसेंबर होतं, कारण महिना आधी असतो. लिहायचं 09/12/2006. गंमत म्हणजे चुकीची तारीख टाकली तरी अर्ज अडत नाही. सतरा वर्षं तीन महिने झालेल्या मुलाचंही नाव आधी घेऊन ठेवतात, त्यामुळे 9 डिसेंबर 2006 चा मुलगा ऑक्टोबरमध्ये नाव देतोय यात संगणकाला वावगं काही दिसत नाही. चूक उघडी पडते ती काही वर्षांनी, नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी, जेव्हा खरी तारीख टाकून नाव सापडत नाही. 12 तारखेनंतर जन्मलेल्यांना हा त्रास नाही, तेराव्या महिन्यावर अर्ज लगेच अडतो.

दुसरी जागा नाव. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, की पहिल्या नावाला चिकटवून? ग्रीन कार्डवर आणि सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं छापलंय तसंच लिहा. ती दोन्ही कार्डं एकमेकांशी जुळत नसतील तर आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन तिथलं नाव दुरुस्त करून घ्या. पण त्यासाठी नोंदणी अडवून ठेवू नका. आता ग्रीन कार्डाप्रमाणे नोंदवा, फरक नंतर कळवता येतो.

नोंदणी झाली की क्रमांक मिळतो, पुढे पोचपावतीचं पत्र टपालानं येतं. पडद्यावरचा क्रमांक आणि तारीख लगेच छापून घ्या. नव्वद दिवसांत पत्र आलं नाही तर खात्याशी संपर्क साधा. पत्र आलं की ते ग्रीन कार्डाच्या फायलीत. मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या गावी राहायला गेला, पत्ता बदलला, तर दहा दिवसांत कळवायचं, हे सव्विसाव्या वर्षापर्यंत. बहुतेक मुलं हे करत नाहीत आणि त्यावरून कोणाला पकडत नाहीत. तरी तुमच्या घरचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून दिलात तर पत्रं हरवत नाहीत.

मुलानं नाव दिलंच नाही तर? कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे. 1986 नंतर त्यासाठी कोणावर खटला चाललेला नाही, त्यामुळे तुरुंगाची धास्ती घालणारे फॉरवर्डही तितकेच पोकळ. खरी किंमत वेगळीकडे मोजावी लागते. बहुतेक केंद्रीय सरकारी नोकऱ्या बंद होतात आणि काही राज्यांची शैक्षणिक मदतही. (केंद्राच्या शैक्षणिक मदतीच्या ‘फाफ्सा’ अर्जातून ही अट आता गेलेली आहे.) आणि ग्रीन कार्डवाल्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा फटका म्हणजे नागरिकत्व.

तुमच्या मुलाचा हिशेब मांडू. ग्रीन कार्ड फेब्रुवारी 2022 चं, म्हणजे पाच वर्षं फेब्रुवारी 2027 मध्ये भरतात. अर्ज नव्वद दिवस आधी करता येतो, म्हणजे नोव्हेंबर 2026. तेव्हा तो वीस वर्षांचा असेल. एन-400 या नागरिकत्वाच्या अर्जात सरळ प्रश्न आहे: नोंदणी केली का, कधी, क्रमांक काय. सव्विसाच्या आत असताना नोंदणी नसेल आणि करायलाही तयार नसेल, तर अर्ज नामंजूर. सव्विसावा वाढदिवस उलटला की मग इच्छा असूनही नाव घेत नाहीत. 26 ते 31 या वयात, मुद्दाम टाळलं नाही, माहीतच नव्हतं, हे पुराव्यानिशी पटवावं लागतं. त्यासाठी खात्याकडून स्थितीदर्शक पत्र मागवावं लागतं आणि तिथे वकील घेतलेला बरा. एकतीसच्या पुढे सहसा अडवत नाहीत. ग्रीन कार्डासाठी तेरा वर्षं रांगेत उभं राहायचं आणि पाच मिनिटांच्या अर्जासाठी नागरिकत्व अडकवून घ्यायचं, हा सौदा कोणी करू नये. आणि तुमच्या मुलाला तर ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोयही उरलेली नाही. त्याला माहीत आहे, पत्रात तुम्हीच लिहिलंय.

आता ती मघाची गोष्ट. निवडणुकीच्या हंगामात ‘रजिस्टर करा’ हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येतो, पण त्या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. सिलेक्टिव्ह सर्व्हिसची ग्रीन कार्डवाल्या मुलाला सक्तीची. मतदार नोंदणी ग्रीन कार्डवाल्याला निषिद्ध. कॉलेजच्या आवारात टेबल मांडून बसलेले स्वयंसेवक, वाहन परवान्याच्या कार्यालयातल्या पडद्यावरचा एक प्रश्न, आणि मुलगा गडबडीत ‘हो’ म्हणतो. मतदार म्हणून नाव लागणं म्हणजे मी नागरिक आहे असा खोटा दावा केल्यासारखं होऊ शकतं, आणि त्यावरून नागरिकत्वाचा अर्ज तर अडकू शकतोच, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. एन-400 मध्ये तोही प्रश्न असतो. न्यू जर्सीत परवान्याच्या व्यवहारातच मतदार नोंदणी आपोआप होण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथे ‘नागरिक नाही, मतदार नोंदणी नको’ हे स्पष्ट निवडायला मुलाला आजच सांगा. चुकून नाव लागलंच असेल तर ते स्वतः काढायला धावू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.

फोनवर ‘तुमची ड्राफ्टसाठी निवड झाली, या लिंकवर माहिती भरा’ असा संदेश आला तर तो फसवा आहे. जानेवारी 2020 मध्ये इराणचे सेनाधिकारी सुलेमानी मारले गेले तेव्हा असे संदेश इतके फिरले की अमेरिकी सैन्याला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं. लोकांच्या झुंबडीनं सिलेक्टिव्ह सर्व्हिसची साइटही त्या दिवसांत बसली होती. असले संदेश पाठवणाऱ्यांचा डोळा सोशल सिक्युरिटी नंबरावर असतो.

तुमच्या यजमानांना स्वतःला काही करायचं नाही. सव्विसाव्या वर्षानंतर पहिल्यांदा या देशात आलेल्या पुरुषाला नोंदणी लागू नाही.

भाच्याला एफ-1 वर असेपर्यंत नोंदणी नाही. तो बदलून एच-4 (आश्रिताचा) किंवा एच-1बी (नोकरीचा) व्हिसा झाला तरी नाही. मात्र सव्विसाच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर तीस दिवसांत नाव द्यायचं. आणि शिक्षण अर्धवट सोडून व्हिसाची स्थिती तुटली, तर त्या दिवसापासून त्यालाही नोंदणी लागू होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यानं दर वर्षीचा आय-20 (कॉलेज देतं तो कागद), आय-94 (देशात प्रवेशाची नोंद) आणि पासपोर्टाची जुनी पानं टाकून देऊ नयेत. पुढे ‘मला नोंदणी का लागू नव्हती’ हे दाखवायला तेच कागद लागतात.

नणंदेच्या मुलाचं मात्र उलट आहे. जन्मानं अमेरिकी नागरिक, मग पुण्यात वाढलेला असो की पिंपरीत, अठरा झाल्यावर त्याला नोंदणी सक्तीचीच. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असल्यानं काही बदलत नाही, ते भारताचं नागरिकत्व नव्हे. अर्जात पुण्याचा पत्ता चालतो. त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे का ते आत्ताच बघायला सांगा. अमेरिकेत जन्मलेल्या बहुतेक मुलांचा तो दवाखान्यातच काढलेला असतो, पण मूल वर्षाचं असताना पुण्याला परतलेल्या घरात ते कार्ड नेमकं कुठल्या पिशवीत आहे हे सतरा वर्षांनी कोणालाच आठवत नाही. वाढदिवसाच्या महिन्यात शोधत बसण्यापेक्षा या दिवाळीच्या साफसफाईत सापडलं तर बरं.